संगणक घरी आला, किल्ली दुकानातच राहिली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरासाठी नवा संगणक कोणता घ्यावा यावर आलेला लेख वाचला. प्रोसेसर, रॅम आणि साठवण यांविषयी त्यात दिलेली माहिती उपयोगाची आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु हा लेख खरेदीच्या पावतीपाशी येऊन थांबतो, आणि घरगुती ग्राहक बहुतेक वेळा अडचणीत येतो तो पावतीनंतरच्या दोन तासांत, म्हणजे दुकानातला मुलगा घरी येऊन यंत्र ‘लावून देतो’ त्या वेळात. हे दोन तास कोणाच्या नावाने आणि कोणाच्या डोळ्यांदेखत जातात, याला मी प्रोसेसरच्या निवडीइतकेच महत्त्व देईन. तसे का म्हणतो हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी साताऱ्यात राहणारा, हिशेब खात्यातून निवृत्त झालेला माणूस. संगणक हा माझा विषय नव्हे, पण नोकरीत वीसेक वर्षे त्याच्याशी रोजची गाठ पडल्याने त्याची भीती राहिलेली नाही, एवढेच. घरातला जुना संगणक २०१४ सालचा होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली आणि आमच्या चालत्याबोलत्या यंत्रावर एकाएकी म्हातारपण आले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा लागतो. आमचा होता चौथ्या पिढीचा. अपडेट आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळवण्याची सोय उपलब्ध होती हे खरे, पण नात अकरावीत गेलेली, दिवाळी तोंडावर आलेली, आणि वडिलांच्या हस्तलिखित रोजनिशा टंकित करण्याचे मी कितीतरी वर्षे लांबवलेले काम हाती घ्यायचे होते. तेव्हा नवाच घ्यायचे ठरले.

लॅपटॉप की डेस्कटॉप, यावर घरात फारसा खल झाला नाही. रोज तीन-चार तास एकाच जागी बसून लिहिणाऱ्याला मोठा पडदा आणि वेगळा कीबोर्ड सोयीचा, शिवाय डेस्कटॉपचा एखादा भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो. खल झाला तो दुकानात. पहिल्याच दुकानात मला ‘आय-सेव्हन, सोळा जीबी, एसएसडी, सगळं मिळून अठरा हजार, काका डोळे झाकून घ्या’ असे सांगण्यात आले. डोळे उघडे ठेवून पाहिले, तर पडद्यावर प्रोसेसरचे नाव ‘आय७-४७७०’ असे निघाले. या नावातला सात हा आकडा गिऱ्हाइकाला भुलवतो, पण पाहायचा असतो तो आडव्या रेघेनंतरचा. ४७७० म्हणजे चौथी पिढी, साल २०१३. १२१०० म्हणजे बारावी पिढी, साल २०२२, आणि या बाराव्या पिढीतला साधा ‘आय३’ त्या जुन्या ‘आय७’ला घरगुती कामात सहज मागे टाकतो. थोडक्यात, ज्या पिढीचे यंत्र मी घरातून काढायला निघालो होतो, त्याच पिढीचे यंत्र नवे कपडे घालून मला विकले जात होते. कार्यालयांतून निघालेले असे संगणक स्वस्तात घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते ते जुने आहेत हे न सांगणे. (अलीकडच्या ‘कोअर अल्ट्रा’ मालिकेला आकड्यांचा हा नियम जसाच्या तसा लागत नाही. तिथे चिप कोणत्या सालची आहे, हे सरळ विचारावे.)

बाकीची निवड आपल्या लेखात दिल्याप्रमाणेच झाली: १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी (फायली साठवणारी वेगवान डिस्क), २४ इंची पडदा. रॅमबाबत एक भर घालतो. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेल्या संगणकात पडद्यावरचे चित्र उभे करण्याचे कामही याच मेमरीवर चालते, त्यामुळे १६ जीबीची एकच स्टिक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घेतलेल्या बऱ्या, कारण दोन मिळून काम अधिक वेगाने करतात. अर्थात २०२५ सरता सरता एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून रॅमचे भाव असे चढले, की आता कोणाला ‘१६ घ्याच’ असे सांगताना माझीही जीभ अडखळते. ८ वर भागवायचे असेल तर दुसरा स्लॉट मोकळा असलेला मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात ती मुख्य पाटी) तरी मागून घ्यावा.

‘पक्कं बिल पाहिजे का?’ हा प्रश्न ज्या सहजतेने विचारला जातो, त्याचे मला हिशेबातला माणूस म्हणून नेहमीच नवल वाटत आले आहे. संगणकावर १८ टक्के जीएसटी आहे. पन्नास हजारांच्या मालावर तो नऊ हजार होतो आणि मोह तिथेच पडतो. परंतु ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी, जोडून घेतलेल्या संगणकाची वॉरंटी ही अखंड यंत्राची नसून प्रत्येक भागाची वेगवेगळी असते. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा) आणि पडदा यांचे सिरियल नंबर बिलावर लिहून घेतले नाहीत, तर दोन वर्षांनी ‘हा आमच्याकडचा नाही’ या वाक्याला आपल्याजवळ उत्तर नसते. मी सहाही नंबर लिहून घेतले. त्यासाठी दुकानदाराला खोकी पुन्हा उघडावी लागली आणि तो जरा चिडला, पण त्याला इलाज नव्हता.

आता विजेबद्दल, कारण हे कोणी सांगत नाही. आमचा वाडा जुना. तीन छिद्रांचे सॉकेट सगळीकडे आहेत, पण वरच्या मोठ्या छिद्रामागे अर्थिंगची तार आहे की नाही, हे पाहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. नवा संगणक लावल्यावर कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या येत. दुकानातला मुलगा म्हणाला, ‘काका, सगळ्यांकडे येतात, चप्पल घालून बसा.’ त्याचे म्हणणे एका अर्थी बरोबर होते, म्हणजे पुष्कळ घरांत येतात. कारण असे, की एसएमपीएसमधल्या गाळणीचे कपॅसिटर विजेच्या तारा आणि धातूचे कॅबिनेट यांच्यामध्ये जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यातून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे जाण्याची वाट राहत नाही आणि कॅबिनेटवर मूळ दाबाच्या जवळजवळ निम्मा दाब उभा राहतो. प्रवाह अगदी क्षीण असतो म्हणून माणूस बचावतो, पण वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की अशा घरात संगणकाचे काय होईल, याचा भरवसा देता येत नाही. चप्पल हा त्यावरचा उपाय नव्हे. मी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतले, त्याला जेवढा खर्च आला त्याहून थोड्या अधिक पैशांत ६०० व्हीएचा यूपीएस आला, आणि मुंग्या त्याच संध्याकाळी थांबल्या. यूपीएसवर तासन्‌तास काम होत नाही. दहा-पंधरा मिनिटे मिळतात, तेवढ्यात लिहिलेले जतन करून संगणक रीतसर बंद करावा, यासाठीच तो असतो.

एवढी दक्षता घेतल्यावर मी जिथे फसलो, ती जागा अगदीच साधी होती.

तो मुलगा रविवारी सकाळी आला. हाताने चपळ, बोलायला नम्र. विंडोज सुरू करताना पडद्यावर मायक्रोसॉफ्टचे खाते विचारले गेले. ‘तुमचं आहे का, काका?’ मी नाही म्हटले. ‘मग राहू द्या, मी माझं टाकतो, तुम्ही नंतर बदलून घ्या.’ मी बरे म्हटले आणि चहाचे पाहायला आत गेलो. चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा पडद्यावर निळ्या पाकळ्यांचे चित्र झळकत होते आणि सगळे झाले होते. नंतर बदलायचे ते राहूनच गेले, कारण काही अडत नव्हते.

मला तेव्हा ठाऊक नव्हते ते असे. विंडोज ११ च्या २०२४ साली आलेल्या आवृत्तीपासून, प्रणाली नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला, की बहुतेक नव्या यंत्रांतील डिस्क आपोआप कुलूपबंद होते. याला ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. त्याची ४८ अंकी किल्ली ज्याचे खाते त्याच्या खात्यात जाऊन बसते. सोय उत्तम आहे. संगणक चोरीला गेला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली, तरी आतले काही वाचता येत नाही. रोज वापरताना हे कुलूप जाणवतही नाही, कारण यंत्र आपल्याच मदरबोर्डला ओळखून ते स्वतः उघडते. मदरबोर्डची ओळख बदलली, असे त्याला वाटले तरच ते अडते.

आमच्याकडे ते उन्हाळ्यात अडले. एके दिवशी पडदा काळाच राहिला म्हणून जवळच्या दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने मदरबोर्डवरचा रुपयाएवढा सेल काढून परत बसवला, त्यासरशी बायोसमधली, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीतली, सगळी मांडणी मूळपदावर गेली आणि पडदा उजळला. मात्र उजळलेल्या निळ्या पडद्यावर ४८ अंकांची मागणी होती, आणि खाली कोणाच्या तरी ई-मेल पत्त्याची सुरुवातीची अक्षरे दिसत होती. ती माझी नव्हती. आत वडिलांच्या १९५८ पासूनच्या रोजनिशांची दोनशेवर टंकित पाने होती. त्यांत ११ डिसेंबर १९६७ चे, कोयनेच्या भूकंपाच्या पहाटेचे पानही होते, जे मी त्याच आठवड्यात दोनदा तपासून पुरे केले होते. मूळ वह्या कपाटात सुखरूप होत्या, पण चार-पाच महिन्यांची बैठक त्या निळ्या पडद्यामागे बंद झाली. पेन ड्राइव्हवर प्रत होती, ती फक्त पहिल्या महिन्याची. हा दोष सर्वस्वी माझा.

दुकानात चौकशी केली तर तो मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेलेला. दुकानदाराने खांदे उडवले आणि ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणाला, म्हणजे आतले सगळे पुसून. अकराव्या दिवशी त्या मुलाचा फोन लागला. त्याने लगेच आपले खाते उघडले आणि आलेल्या यादीचे छायाचित्र पाठवले. यादी पाहून मी काही वेळ गप्पच राहिलो. ‘डेस्कटॉप’ या शब्दापुढे काही अक्षरे-आकडे, अशी एकसारख्या नावांची सत्तावीस यंत्रे त्यात होती. आमच्या पडद्यावरच्या ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरे एकेका ओळीशी ताडत गेलो, तेव्हा एकोणिसाव्या ओळीवर जुळली. पत्नीने सहा-सहा अंकांचे आठ गट वाचून दाखवले, मी दाबत गेलो, आणि रोजनिशा परत मिळाल्या. बाकीच्या सव्वीस घरांच्या किल्ल्या अजून त्या मुलाच्या खात्यात होत्या. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी आवर्जून लिहितो. दर वेळी नवे खाते काढण्याचा वेळ वाचावा, एवढेच त्याच्या मनात होते. पण उद्या त्याचा पासवर्ड हरवला, किंवा वापराविना ते खातेच बंद पडले, तर काय?

म्हणून माझे सांगणे असे, की दुकानातला माणूस येण्यापूर्वीच घरच्या माणसाने आपल्या मोबाइल क्रमांकावर आपले खाते काढून ठेवावे, पासवर्ड स्वतः दाबावा आणि चहा दुसऱ्या कोणाला करायला सांगावा. सगळे लागल्यावर त्या खात्यातली ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून घ्यावी. तो कागद संगणकाच्या टेबलाच्या खणात ठेवू नये. आमचा आता रेशनकार्डाच्या डब्यात आहे आणि त्याची प्रत मुलीकडे कोल्हापूरला. ज्यांचा संगणक आधीच दुसऱ्याच्या खात्यावर लागला आहे, त्यांनी आपल्या खात्याने प्रवेश करून सेटिंग्जमधले डिव्हाइस एन्क्रिप्शन एकदा बंद करावे, कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. मग नवी किल्ली तयार होते आणि ती आपल्या खात्यात येते. हे करण्याआधी कामाच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

याच ओघात ‘विंडोज आम्ही फुकट टाकून देतो’ या औदार्याबद्दलही लिहिले पाहिजे. हे फुकट म्हणजे चोरीचे असते, आणि ते चालू करताना अनेकदा आधी व्हायरसरोधक बंद केला जातो, यातच काय ते आले. पैसे खर्चायचे नसतील तर सरळ लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घ्यावी. आमच्या २०१४ च्या यंत्रात एक साधी एसएसडी आणि लिनक्स मिंट घातले. नात त्यावर अभ्यास करते, आणि ते काढून टाकण्याची मला आता घाई राहिलेली नाही.

शेवटी मराठीबद्दल. मला मराठीत लिहायचे आहे असे सांगितल्यावर त्या मुलाने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि ‘मराठी फॉन्ट टाकून देतो’ म्हणाला. हा फॉन्ट युनिकोडपूर्व, म्हणजे सगळ्या संगणकांवर मराठी एकाच पद्धतीने साठवली जाऊ लागण्यापूर्वीच्या, काळातला होता. त्यात लिहिलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, शब्द शोधता येत नाही आणि मजकूर मोबाइलवर पाठवता येत नाही. कार्यालयातल्या माझ्या कितीतरी टिपण्यांची अशी गत झालेली मी पाहिली आहे. वास्तविक काहीही आणून टाकण्याची गरज नाही. विंडोजच्या भाषेच्या सेटिंग्जमध्ये मराठी जोडली, की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो, आणि २०१९ पासून उच्चारानुसार टंकण्याचा फोनेटिकही मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. काम दोन मिनिटांचे आहे.

इनस्क्रिप्टला लोक उगाच घाबरतात. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि अल्पप्राण अक्षराच्याच कळीवर शिफ्टने महाप्राण, म्हणजे ‘क’च्या कळीवर ‘ख’, ‘त’च्या कळीवर ‘थ’, अशी ती मांडणी वर्णमालेला धरून आहे. ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबून येणारा नुक्त्याचा ‘ऱ’, त्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला, की ‘दऱ्या’ आणि ‘वाऱ्या’मधला आडवा रफार बिनचूक उमटतो, जो रोमन अक्षरांतून टंकताना अनेकांना सापडत नाही आणि मग ते ‘दर्‍याखोर्‍या’ऐवजी भलतेच काही लिहून मोकळे होतात. मला हात बसायला तीन आठवडे लागले, तेही वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद दुसऱ्या दिवशी आपल्याच अंकात मी वाचला होता. मराठी गावातल्या मराठी घरात नवा संगणक लागतो तेव्हा मराठी कीबोर्ड मागितल्यावाचून मिळावा, ही अपेक्षा त्या मानाने फार लहान आहे.

आपल्या पुरवणीत पुढे कधी हा विषय आला, तर पाच यंत्रांची तुलना करणाऱ्या कोष्टकाखाली यंत्र लावून देताना काय पाहावे याचीही एक चौकट द्यावी, ही विनंती. तो मुलगा आता सवड मिळेल तसे एकेका जुन्या गिऱ्हाइकाला फोन करतो आहे. सव्वीसपैकी चौदा जणांचा पत्ता लागला, उरलेल्या बारा जणांचे क्रमांक त्याच्याजवळ नाहीत. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे साताऱ्यात नवा संगणक लावून घेतलेल्या वाचकांनी स्टार्टचे बटण दाबून उघडणाऱ्या चौकटीत खाली डाव्या कोपऱ्यात कोणाचे नाव दिसते, ते आज पाहून घ्यावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा